एकवीस मुलं, एकोणीस आधार, शून्य शिक्षक

प्रति,
मा. सभापती व सर्व सदस्य,
शिक्षण समिती, जिल्हा परिषद
(खुर्चीवर सभापती नसतील तर प्रशासक महोदय)

विषय : आमच्या शाळेची संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची मंजूर संख्या)
संदर्भ : केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली पीडीएफ

महोदय, महोदया,

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. गावात मला अध्यक्ष कुणी म्हणत नाही, शिवणवाल्या वहिनी म्हणतात. माझा मोठा मुलगा याच शाळेतून सातवी होऊन गेला, धाकटी आता सहावीत आहे.

वर संदर्भ असा लिहिला म्हणून राग मानू नका. आम्हाला मिळालं ते तेवढंच. सही-शिक्क्याचं पत्र नाही, बैठक नाही, साधा फोन नाही. ग्रुपवर पीडीएफ आली, आमच्या प्रभारी मुख्याध्यापकांनी ती मोबाइलवर मोठी करून मला दाखवली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. पहिली ते पाचवी : पट ३४, मंजूर शिक्षक २. सहावी ते सातवी : पट १९, मंजूर शिक्षक ०.

मी म्हटलं, "एकोणीस कसे? वर्गात एकवीस आहेत."

"दोघांचं आधार जुळत नाही," सर म्हणाले.

हे दोघं कोण ते सांगते, कारण तुमच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. एक सहावीतला मुलगा. शाळेच्या रजिस्टरला त्याचं आडनाव शेवटी आहे, आधारवर आधी आहे, आणि बापाच्या नावात एक अक्षर जास्त पडलंय. मशीनच्या लेखी हे दोन निरनिराळे मुलगे. दुसरी सातवीतली, धनगरवाड्यावरची मुलगी. जन्म वाड्यावरच झाला, नोंद कुणी केली नाही, आधार काढताना कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी टाकून मोकळं झालं. ती तारीख दुरुस्त करायची तर जन्माचा दाखला हवा, दाखल्यासाठी तहसील कचेरीचे खेटे, आणि आधार केंद्र २२ किलोमीटरवर तालुक्याला. तिच्या बापाने दोन वेळा मजुरी बुडवली. एकदा सर्व्हर बंद होता. दुसऱ्यांदा पोरीचा अंगठा उमटेना.

ही पोरगी रोज पाऊण तास उतार उतरून येते. परिपाठात प्रतिज्ञा तीच सांगते. दुपारी तिच्या ताटात भात-आमटी पडते आणि त्या ताटाचा आकडा रोजच्या रोज ऑनलाइन वर जातो. म्हणजे भाताच्या पटावर ती आहे आणि मास्तरांच्या पटावर नाही. ३० सप्टेंबरला पोर्टलवर जो पट दिसला तो खरा धरला गेला. वर्गात येऊन डोकी मोजायला कुणी आलं नाही.

१५ मार्च २०२४ चा शासन निर्णय मी सरांकडून ओळीओळीने समजून घेतला. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर त्या गटाला एकही शिक्षक मंजूर होत नाही. आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी लिहिलंय की दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा या तिन्हींना किमान एकेक तरी हवा. मुलं वीस भरली तरच, अशी अट मला त्यात सापडली नाही. मी काही वकील नाही. पण संसदेचा कायदा मोठा की मंत्रालयातला जीआर मोठा, हे आमच्या पोरांना नागरिकशास्त्रात शिकवायचं असतं. ते आता शिकवणार कोण, हा भाग वेगळा.

आजवर आमच्याकडे तिघं होते. पहिली ते पाचवीला एक सर आणि एक बाई, वर विज्ञान-गणिताचे एक पदवीधर सर. भाषेचे पदवीधर शिक्षक बदलून गेल्याला चार वर्षं झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आता विज्ञानाचे सर 'अतिरिक्त' ठरलेत. त्यांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक, व्हायचंय, पण आमच्याकडून ते आत्ताच निम्मे गेलेत, कारण आठवड्यातले तीन दिवस त्यांना शेजारच्या एकशिक्षकी शाळेवर कामगिरीला पाठवलंय. उरलेल्या दोघांतले एक प्रभारी मुख्याध्यापक. प्रभारी म्हणजे काय ते घरातल्या थोरल्या सुनेला विचारा, मान तेवढा मिळतो आणि कामं सगळ्यांची येतात. तांदळाचा साठा, शाळेच्या आकडेवारीचं यू-डायस, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, ऑनलाइन माहिती 'आजच्या आज'. म्हणजे सात वर्गांना खरा मास्तर एकच.

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. गणवेशाचे उरलेले दोन सदरे द्यायला मी शाळेत गेले. फाटक उघडं आणि आवाज कसला तो नाही. शाळा इतकी गप्प असली की मला धास्ती वाटते. आत जाऊन बघते तर सातही वर्ग व्हरांड्यात एका सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी एक डोळा कुकरवर ठेवून पोरांकडून पाढे म्हणून घेत होत्या. सर केंद्राच्या शिक्षण परिषदेला. बाई बीएलओ, त्या मतदार याद्यांच्या कामाला तालुक्याला. विज्ञानाचे सर कामगिरीवर. मावशी चौथी शिकलेल्या, पण पाढे त्यांचे पाठ. सतराच्या पाढ्यात मध्येच अडल्या, तेव्हा पुढचं सांगितलं ते त्या धनगरवाड्यावरच्या मुलीने, जी तुमच्या तक्त्यात नाही तिने. मावशींना महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे. ते स्वयंपाकाचं. पाढ्यांचं निराळं काही मिळत नाही.

निवडणुकीचं काम शिक्षकाला देता येतं, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये बसतं, मान्य. शिक्षण परिषदही हवी. पण हिशोब असा आहे : तिघांतला एक गेला की दोघं उरतात, दोघांतला एक गेला की एक उरतो, आणि तो एक गेला की मावशी.

माझ्या धंद्यातलं एक सांगते. २०२४ साली सगळ्या राज्याला एकच गणवेश करायचं ठरलं होतं, आठवत असेल. कापड वरून घेतलेलं, वरूनच कापून आलेलं, आणि शिवायला आमच्यासारख्या बचत गटांकडे, एका गणवेशाला ११० रुपये. आमच्या गटानेही घेतलं काम. गठ्ठा सोडला आणि कपाळाला हात लावला. तिसरीच्या मापाच्या चड्डीत पहिलीतली दोन पोरं मावली असती आणि सातवीच्या सदऱ्यात सातवीतल्या पोराचा दंड शिरेना. उसवून जोडायलाही कापड सोडलेलं नव्हतं. १५ ऑगस्टला निम्मी शाळा जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. पुढच्या वर्षी सरकारने गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आम्ही पोरं रांगेत उभी केली, टेप लावून मापं घेतली, आणि गणवेश अंगाला बसले. त्यात हुशारी कसली? मापं घेतली, एवढंच. शिक्षकांच्या पदांचं कापड मात्र अजून तिकडूनच कापून येतंय.

पट घटतोय हे खोटं नाही. माझे धाकटे दीर चाकणला कंपनीत आहेत, त्यांची दोन्ही मुलं तिकडेच. गावात पाळणे कमी हलतात. फाट्यापर्यंत इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि टाय लावलेलं पोर गाडीत चढताना बघून शेजारणीचा जीव वरखाली होतो, माझाही झालाय. पण गेल्या चार वर्षांत ज्यांनी नाव काढून नेलं त्यातल्या बहुतेकांच्या घरी मी स्वतः जाऊन बसले आहे. कुणी मला पहिल्यांदा माध्यम विचारलं नाही. विचारलं ते हेच, "वहिनी, मास्तर किती राहिलेत?" भाषेचे सर गेले त्या वर्षी सहा पोरं गेली, त्यातली तीन एकाच वाडीतली. तुमच्या तक्त्यात पट कमी झाला म्हणून पद जातं. आमच्या गावात पद गेलं म्हणून पट कमी झाला, आणि तो तसा होताना मी दाखले लिहून देणाऱ्या टेबलापाशी उभी होते.

आमचे शिक्षकही काही देवमाणसं नाहीत, हेही लिहूनच टाकते. बहुतेक तालुक्याला राहतात. मुख्यालयी राहतो असा ठराव घरभाड्यासाठी ग्रामसभेकडून घेतात, आणि आम्हीही डोळे मिटून तो देतो. गाडी पंक्चर झाली की शाळा अकराला भरते. पण नसलेल्या मास्तरला उशीर झाला म्हणून बोलता तरी येतं का?

मधल्या काळात हे शून्य झाकायचे प्रयोग झाले. जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर परत बोलवायचं ठरलं. ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे शिक्षक दिनाचाच मुहूर्त साधून, कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी, मानधन १५ हजार, असा जीआर आला. त्याच महिन्यात शिक्षक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्दही झाला. यातलं कुणीच आमच्या ओढ्याच्या अलीकडे पोहोचलं नाही. पोहोचली ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली एक मुलगी, बी.ए. झालेली, महिना १० हजारांवर. सहा महिन्यांची मुदत, ती पुढे पाच महिने वाढली. पोरगी गुणी होती, इंग्रजीची भीती घालवली तिने मुलांची. अकरा महिने झाले आणि गेली. पोरं तिच्या आठवणीने अजून रडतात असं लिहिलं तर ते खोटं होईल, पोरं विसरतात. माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या वहीत मात्र निम्म्या पानांवर तिच्या लाल पेनाचे शेरे आहेत आणि पुढची पानं कोरी.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिसऱ्या भाषेवरून राज्यात केवढं रान पेटलं होतं. एप्रिलमध्ये जीआर, जूनमध्ये दुसरा जीआर, २९ जूनला दोन्ही मागे. आमच्याकडे पारावर त्यावर फारसा वाद झाला नाही. तिसरी भाषा हवी की नको यावर भांडायलासुद्धा तिसरा शिक्षक लागतो.

पैसा नाही म्हणाल, तर तेही ऐकून आहे. पटावर तीसपर्यंत मुलं असली तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये, त्याहून जास्त आणि शंभरापर्यंत असली तर २५,०००. त्यात वीजबिल, खडू, झाडू, संडासाची दुरुस्ती, सगळं. बाकीचं 'लोकसहभागातून'. जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहारातल्या अंड्यांचा राज्याचा निधी थांबवला, तेव्हाही तोच शब्द आला : लोकसहभागातून द्या. हा शब्द मी आता ओळखायला शिकले आहे. तिजोरीत काही कमी पडलं की तो बाहेर येतो. आमच्या लोकसहभागातून शाळेचा रंग झाला, पाण्याची टाकी झाली, चाकणवाल्या पोरांनी टीव्ही दिला. शाळा उभी आहे ती जागाच मुळी माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली, पाच गुंठे. पण वर्गणी काढून पदवीधर शिक्षक आणायचा तर त्याला महिन्याचं काय द्यायचं आणि किती महिने? आमच्या गावात दर घराला गणपतीची पट्टी शंभर रुपये, तीही काही घरं दसऱ्याला देतात.

मला स्वतःला लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये येतात. घेते मी, लपवत नाही. मशीनची मोटर त्यातूनच आली. ते पैसे आणि आमचे सर एकाच खिशातून गेले असं मी म्हणत नाही, तेवढा हिशोब मला कळत नाही. पण उद्या कुणी माझ्यापुढे बसून म्हणालं की वहिनी, दोन्हीला पुरत नाही, तुम्हीच सांगा काय ठेवायचं, तर माझ्यापाशी उत्तर आहे. मला कुणी विचारलं नाही.

आता 'जवळच्या शाळेत समायोजन' याविषयी. नकाशावर जवळची सातवीची शाळा साडेचार किलोमीटरवर आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, ते राहू द्या. मध्ये ओढा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला कमरेएवढं पाणी असतं. ओढ्यापलीकडच्या रानात गवे उतरतात, आणि गेल्या वर्षी बिबट्याने एका घराचं कुत्रं ओटीवरून नेलं. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे, आणि चांगली योजना आहे. पण आमच्या वाटेने एसटी सकाळी सातला खाली जाते आणि संध्याकाळी साडेसहाला वर येते. शाळा साडेदहा ते पाच. पास आहे, गाडी नाही. वाहतूक भत्ता म्हणाल तर महिन्याला ६०० रुपयांच्या आसपास. वडापच्या जीपवाल्याला विचारलं, त्याने हसून विषय बदलला.

माझी मुलगी मी कशीही पाठवीन. तिचे वडील मोटरसायकलवर सोडतील, नाहीतर बहिणीकडे ठेवीन. तो सहावीतला मुलगाही जाईल, मुलग्याला घरचे सायकल घेऊन देतात. धनगरवाड्यावरची मुलगी जाणार नाही. तिच्या आईने मला सरळ सांगितलंय, "वैनी, तुमच्या शाळेपत्तूर येती तेच लई झालं. तिथनं फुडं नाय धाडणार." आता पाऊण तास आणि पुढे साडेचार किलोमीटर. त्या माउलीला मी काय समजावणार होते?

एका गोष्टीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. आमच्या वरच्या वाडीत तीन मुलांची शाळा आहे. तिथल्या पोरांना लंगडी खेळायला गडी मिळत नाही, वाद घालायला जोडीदार मिळत नाही, आणि मास्तरही बिचारा एकटा बसून एकटाच झालाय. अशी शाळा दुसरीत मिसळली तर पोरांचं भलं होईल, असं मला वाटतं. यावर आमच्याच समितीतले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. पण ती मिसळताना दाराशी गाडी येईल का, गाडीच्या डिझेलचे आणि ड्रायव्हरचे पैसे कुठल्या शीर्षाखाली, हे त्याच आदेशात लिहा. समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एक, म्हटलं की पानशेत आणि तोरणमाळची नावं घेतली जातात. तिथं आधी सोय उभी राहिली. इथं आधी शून्य आलंय. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायच्या ठरल्या तेव्हाही गाडीची गोष्ट शेवटच्या ओळीत होती. २०२१-२२ च्या आकड्यांप्रमाणे राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं आणि २९,७०७ शिक्षक. त्यातली प्रत्येक शाळा वेगळी आहे. कुठं खरोखर तीनच पोरं, कुठं एकोणीस-एकवीसचा घोळ. दोन्हींना एकच कात्री कशी चालेल?

तुम्ही म्हणाल, जीआर राज्याचा, पगार राज्याचा, आमच्या हातात काय? हे अर्धं खरं आहे. आम्ही शेतसारा भरतो त्यात जिल्हा परिषदेचा उपकर असतो, म्हणून अर्धं तुमच्याकडे मागायचा हक्क आम्हाला आहे. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं, त्यात हीच कैफियत होती : पैसा कष्टकऱ्याच्या घामातून जमतो आणि शिक्षणाला खर्च होताना वरच्यांवर होतो. आणि मागणी होती की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बारा वर्षं म्हणजे सहावी-सातवी. तुमच्या पीडीएफमधलं शून्य बरोबर त्याच ओळीत आहे.

आमच्या समितीचंही थोडं सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. आहेत. कलम २२ म्हणतं, समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने अनुदान त्या आराखड्याच्या आधाराने द्यायचं. आम्ही तो केला. चार संध्याकाळी माझ्या मशीनच्या टेबलावर बसून केला, सरांनी टाइप केला, वर पाठवला. त्यात पहिल्याच पानावर भाषेच्या पदवीधर शिक्षकाची मागणी होती. तो कुणी उघडून वाचला का? वाचला असता तर निदान 'नाही' असं उत्तर आलं असतं.

तेव्हा मागायचं ते असं. अतिरिक्त शिक्षकांचं समुपदेशन, म्हणजे त्यांना नव्या शाळा वाटून देण्याची बैठक, घेण्याआधी केंद्रात आधारचं शिबिर लावा, मशीन आणि माणूस वर पाठवा, आणि ज्या शाळांचा पट वीसच्या आसपास अडकलाय तिथं केंद्रप्रमुखांना वर्गात उभं करून डोकी मोजून घ्या, खाली त्यांची सही आणि माझी सही. माझ्या सहीला किंमत नसेल तर समिती कशाला केली? दुसरं, एकाच दिवशी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना बाहेर बोलवू नका. कामगिरी, बैठक, प्रशिक्षण या तारखा मंत्रालयातून येत नाहीत, तालुक्यातून येतात, आणि तालुका तुमचं ऐकतो. आणि सहावी ते आठवीच्या शून्याविरुद्ध सर्वसाधारण सभेत ठराव करून राज्याकडे पाठवा. ठरावाला पैसे लागत नाहीत. सत्तेतले आणि विरोधातले दोघं मिळून करा, आमच्याकडे दोन्ही पक्षांची पोरं एकाच सतरंजीवर बसतात. या तिन्हींतलं काही जमणार नसेल तर तसं लेखी कळवा. तोंडी 'बघू' नको. बघू म्हणून गेलेले साहेब आम्ही पुष्कळ बघितलेत.

आणि तुमच्या शिक्षण समितीची एक बैठक आमच्या शाळेत घ्या. दगडी खोल्या दोन आहेत, तिसरी सर्व शिक्षा अभियानातली, ती पावसात गळते म्हणून दगडीतच बसवू. गाडी ओढ्यापर्यंत येते, पुढे पंधरा मिनिटं चाल. निसरडं आहे, चपला घालून येऊ नका. जेवायचं सांगत असाल तर आदल्या दिवशी कळवा, मावशी भाकरी करतील. मंगळवार शक्यतो टाळा, त्या दिवशी शाळेत शिक्षक असतीलच याची खात्री मला देता येत नाही.

आपली,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती

ता. क. : हे लिहून होतंय तोवर सरांचा फोन आला. दोघांचंही आधार जुळलं. मुलाचं आडनाव शेवटी गेलं आणि त्या मुलीला एकदाची खरी जन्मतारीख मिळाली. पोर्टलवर आता एकवीस दिसतात. पण संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर झाली आहे, तिच्यात आता बदल होत नाही, असं केंद्रातून सांगितलं. विज्ञानाच्या सरांना समुपदेशनाला गुरुवारी सकाळी दहाला बोलावलंय.